घंटागाडी आठवड्यातून तीनदाच येते, अ‍ॅपवर तक्रार मात्र 'निकाली'. पुढे काय करायचं?

मागची_गल्ली

नमस्कार. गाव ब वर्ग नगरपरिषदेचं. आमच्या लेआउटमध्ये १८० घरं आणि टोकाला ७२ फ्लॅटची एक सोसायटी. घंटागाडी रोज यायला हवी, येते सोमवार, बुधवार, शनिवार. वेळेचा पत्ता नाही, कधी सव्वासात तर कधी साडेदहा. पुढच्या रस्त्यावर थांबते, गाणं वाजतं, दीड-दोन मिनिटांत निघून जाते. मागच्या दोन गल्ल्या जेमतेम दहा फुटी, तिथे गाडी वळतच नाही. म्हाताऱ्या माणसांना बादली घेऊन नाक्यापर्यंत पळत जाणं जमत नाही.

गाडीला ओल्या-सुक्याचे दोन कप्पे आहेत, पण मधली जाळी काढून टाकलीय. घरातून वेगळा करून दिलेला कचरा डोळ्यांदेखत एकत्र होतो, म्हणून वेगळा करणारी घरंही आता कंटाळली आहेत. ज्यांची गाडी चुकते ते डीपीच्या (विजेच्या पेटीच्या) कोपऱ्यावर पिशव्या टाकतात. अ‍ॅपवर फोटोसकट तक्रार केली की दुसऱ्या दिवशी ढीग उचलतात, स्वच्छ कोपऱ्याचा फोटो टाकतात, तक्रार बंद. चौथ्या दिवशी ढीग पुन्हा तिथेच. मालमत्ता कराच्या बिलात घनकचरा शुल्क मात्र न चुकता लागून येतं.

तक्रार कुणाकडे आणि कशी केली म्हणजे ती टिकते? कचरा एकत्र होतो हे सिद्ध कसं करायचं? शुल्क भरायचं थांबवलं तर चालेल का? आणि हे सगळं मार्गी लागेपर्यंत ओल्या कचऱ्याचं काय करायचं?

वॉर्ड_नोंदवही

तुमची तक्रार खरी आहे, पण ती चुकीच्या गोष्टीची होतेय. तुम्ही ढिगाची तक्रार करता आणि ढीग उचलला की ती कागदोपत्री खरोखरच निकाली निघते. तक्रार फेरीची करायला हवी. ढीग हा चुकलेल्या फेरीचा परिणाम आहे आणि फेरीचा हिशेब अ‍ॅपवरच्या एका फोटोत मावत नाही.

स्वच्छता अ‍ॅपवर कचऱ्याचा ढीग आणि कचरागाडी न येणं हे दोन वेगळे प्रकार आहेत. गाडी आली नाही त्या दिवशी दुसरा प्रकार निवडा, त्याच दिवशी नोंदवा आणि तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार न सुटता बंद झाली तर असमाधानी असा शेरा देऊन ती पुन्हा उघडा. ती पुन्हा बंद झाली तरी हरकत नाही, पुढच्या अर्जाला हे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून लागतात.

मुख्य काम कागदावर आहे. १५ दिवसांचा तक्ता करा: तारीख, गाडीचा नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, कोणत्या गल्लीपर्यंत आली, कप्पे वेगळे होते की एकत्र. नोंद दोन वेगवेगळ्या घरांतून व्हावी, एक पुढच्या रस्त्यावरचं, एक मागच्या गल्लीतलं. एकाच माणसाच्या तक्त्याला 'तुमची नजर चुकली असेल' असं उत्तर मिळतं. दोन तक्ते जुळले की ते म्हणता येत नाही.

गाडी मागे का पोचत नाही, हेही समजून घ्या, म्हणजे मागणी नेमकी करता येईल. चार माणसांच्या घरातून दिवसाला साधारण दीड किलो कचरा निघतो. एका गाडीकडे १,००० घरं दिली असतील तर ते झाले १,५०० किलो. लहान टिपरमध्ये, म्हणजे अशा घंटागाडीत, ७०० किलोच्या आसपास बसतं. म्हणजे दोन भरगच्च फेऱ्या आणि वर थोडं उरतंच. आता वेळ बघा. एका घरामागे २० सेकंद धरले तरी १,००० घरांना साडेपाच तास लागतात, त्यात डेपोवर जाणं, वजनकाट्याची रांग, गाडी खाली करणं हे धरलेलंच नाही. साडेसहाला निघालेली गाडी नऊच्या सुमारास भरते, डेपोवर जाऊन सव्वादहाला परत येते. तोवर माणसं कामाला गेलेली असतात आणि दारं बंद. कालव्याच्या टेलला जसं पाणी पोचत नाही, तशी मार्गाच्या शेपटाकडची गल्ली कोरडीच राहते. तुमची गल्ली त्या शेपटाला असणार. साडेदहाची वेळ तेच सांगते.

म्हणून 'गाडी रोज पाठवा' एवढंच लिहू नका. मार्ग एक दिवसाआड उलट्या टोकाकडून सुरू करा आणि दहा फुटी गल्ल्यांना ढकलगाडी किंवा तीनचाकी द्या, अशी मागणी करा. पहिल्या गोष्टीला एक रुपयाही खर्च नाही, त्यामुळे नकार द्यायला कारण उरत नाही.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या, प्रत स्वच्छता निरीक्षकांना. मजकूर छोटा ठेवा:

'दि. … ते दि. … या १५ दिवसांत … मार्गावर घंटागाडीच्या १५ अपेक्षित फेऱ्यांपैकी ६ झाल्या. तारीखवार तक्ता सोबत जोडला आहे. गल्ली क्र. … व … येथे एकही फेरी झाली नाही. या मार्गाचे वेळापत्रक, नेमलेल्या वाहनाचा क्रमांक, वाहन बंद पडल्यास पर्यायी व्यवस्था आणि अरुंद गल्ल्यांसाठीची व्यवस्था लेखी कळवावी.'

अर्ज आवक कक्षात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. निरीक्षकाच्या हातात दिलेला अर्ज बऱ्याचदा त्याच्या डायरीतच राहतो.

वजनकाटा

वरच्या उत्तराशी सहमत. त्यात ठेक्याची बाजू जोडतो, कारण खरी किल्ली करारनाम्यात असते.

पैसे कशावर मिळतात ते आधी शोधा. बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराचं बिल टनावर निघतं. टनावर पैसे असले की मागच्या गल्लीतल्या ३० घरांचे ४५ किलो गोळा करायला अर्धा तास घालवणं परवडत नाही. त्यापेक्षा हॉटेलची पिंपं, मंडईचा पाला किंवा रस्त्याकडेची माती-विटा भरल्या की गाडी पटकन जड होते. ओला-सुका एकत्र होण्याचंही मूळ बरंचसं इथेच आहे. ओला कचरा वजनाला भारी पण जागा कमी घेतो, सुका हलका पण फुगतो. सुक्याचा कप्पा आधी भरतो, ओल्याचा अर्धा रिकामा असतो आणि फेरी वाढवायची नसते. मग जाळी निघते. फेरीवर किंवा घरामागे पैसे देणारा करार असेल तर गडबड वेगळ्या जागी होते: फेरी होते, पण अर्धवट. म्हणून करार वाचल्याशिवाय नेमकं बोट ठेवता येत नाही.

करार मिळवायचा तो माहिती अधिकारातून. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'गाडी का येत नाही' असं विचारू नका. 'का'ला उत्तर द्यायला जन माहिती अधिकारी बांधील नाही, तो फक्त असलेलं रेकॉर्ड देतो. म्हणून कागदांची नावं घ्या:

'… प्रभागातील घरोघरच्या कचरा संकलनाबाबत, दि. … ते दि. … या कालावधीसाठी: (१) चालू कार्यादेश व करारनाम्याची प्रत, दंडाच्या अटींसह, (२) मंजूर मार्गनकाशा व वेळापत्रक, (३) वाहन क्र. … ची नोंदवही; (४) नगरपरिषदेकडे उपलब्ध असलेला याच वाहनाचा जीपीएस अहवाल; (५) वजनकाट्याच्या पावत्या; (६) अदा केलेली देयके व त्यांतून केलेली दंडाची कपात. प्रथम अभिलेख पाहणीसाठी उपलब्ध करावेत.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पाहणीचा हक्क कलम २(ञ) मध्ये आहे. आधी बघा, मग हव्या त्याच पानांच्या प्रती मागा, पानाला २ रुपये पडतात. कालावधी तुमच्या तक्त्याचेच १५ दिवस ठेवा. वर्षभराचं मागितलं तर 'माहिती विस्तृत आहे' म्हणून अडतं. ३० दिवसांत काहीच आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

रेकॉर्ड हातात आलं की तीन कागद शेजारी ठेवून वाचा: तुमचा तक्ता, नोंदवही आणि वजनकाट्याची पावती. नोंदवहीत मंगळवारी तुमच्या लेआउटची फेरी लिहिलेली आणि तक्त्यात गाडी नाही, तर तेवढी एक ओळ पुरेशी आहे. पावत्यांच्या वेळा बघा. एकाच गाडीच्या दोन पावत्यांमध्ये २० मिनिटांचं अंतर असेल आणि डेपो ८ किलोमीटरवर असेल, तर ती दुसरी फेरी घरोघरची असूच शकत नाही. सलग सात-आठ दिवस अगदी सारखंच वजन दिसलं तर रिकाम्या गाडीचं वजन रोज घेतलं जातं का, ते विचारा. गेटवर क्यूआर कोडच्या पट्ट्या लावल्या असतील तर स्कॅनच्या वेळांची यादीही मागा. चार मिनिटांत ६० घरं स्कॅन झालेली दिसली तर गाडी दारोदार फिरलेली नाही.

आणि दंडाच्या कपातीचा रकाना आवर्जून बघा. न झालेल्या फेरीला आणि एकत्र केलेल्या कचऱ्याला दंड अशा अटी करारात सहसा असतात, लावलेल्या क्वचित दिसतात. अट आहे, फेऱ्या चुकल्याचं रेकॉर्ड आहे आणि कपात शून्य, हे तिन्ही एका पानावर मांडून मुख्याधिकाऱ्यांकडे गेलात की बोलणं फार लांबत नाही. कारण मग उत्तर ठेकेदाराने द्यायचं राहत नाही, बिलावर सही करणाऱ्याला द्यावं लागतं.

मागची_गल्ली

फार उपयोगी. दोन शंका. शुल्काचं काय? आणि टोकाच्या सोसायटीचा कचराही आमच्याच गाडीत जातो, त्यांच्या पिंपांनी गाडी अर्धी भरते. ते नियमात बसतं का?

कर_आणि_कायदा

शुल्क थांबवू नका. ते मालमत्ता कराच्याच बिलात आहे आणि थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. शिवाय तक्रारदार थकबाकीदार निघाला की सगळी चर्चा तिकडेच वळते. बिल पूर्ण भरा, पावती जोडा आणि अर्जात लिहा की सन … चे घनकचरा शुल्क भरलेले आहे, पावती क्र. …, सेवा तक्त्याप्रमाणे अपूर्ण आहे. हा मुद्दा भरलेल्या माणसाच्या तोंडीच शोभतो.

सोसायटीबद्दल. घनकचरा व्यवस्थापन नियम २०२६ हे १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत, २०१६ च्या नियमांची जागा त्यांनी घेतली. दिवसाला १०० किलो किंवा जास्त कचरा, किंवा ४०,००० लिटर पाणीवापर, किंवा २०,००० चौरस मीटर चटईक्षेत्र, यांतली एक गोष्ट लागू झाली तरी ती संस्था मोठ्या प्रमाणावर कचरा करणारी ठरते. ७२ फ्लॅट गुणिले दीड किलो म्हणजे १०८ किलो. माणशी १३५ लिटर आणि घरात चार जण धरले तर पाणी ३८,८८० लिटर. म्हणजे सोसायटी अगदी उंबरठ्यावर आहे. अंदाजावर भांडू नका. सात दिवस त्यांची पिंपं साध्या ताणकाट्यावर तोला, त्यांच्या सेक्रेटरींना सोबत घेऊन. सरासरी १०० च्या वर आली तर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायची जबाबदारी त्यांची. खाली आली तर त्यांनाही तुमच्याइतकाच गाडीचा हक्क आहे आणि भांडण त्यांच्याशी नाही.

याच नियमांत आता चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे रंगाचे डबे, बल्ब, पारा असलेले थर्मामीटर, मुदत संपलेली औषधं. गाडीत दोनच कप्पे आणि तेही जाळीविना, हे अर्जात जरूर लिहा.

स्थानिक पातळीवर हललं नाही तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस. तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. अर्ज १५ दिवस आधी, विहित नमुन्यात, दोन प्रतींत. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, 'समस्त रहिवासी' असं लिहिलेला अर्ज परत येतो. म्हणून 'माझ्या घर क्र. … येथे दि. … ते दि. … घंटागाडी आली नाही' असं एकेकट्याने लिहा. दहा घरांचे दहा अर्ज गेले तरी चालतात. आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक मात्र प्रत्येकात हवा.

गच्ची_बाग

ओल्या कचऱ्याचं मी सांगते. चार माणसांच्या घराला दोन बादल्या पुरतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पुरत नाहीत. २० लिटरची रंगाची बादली दोन-अडीच आठवड्यांत भरते आणि नंतर तिला ३० ते ४५ दिवस मुरायला लागतात. तेवढ्यात दुसरी भरते आणि तिसरी नसेल तर लोक पुन्हा डीपीच्या कोपऱ्यावर जातात. किमान तीन घ्या, जागा असेल तर चार.

बाजूंना १५-२० भोकं, ५-६ मिलिमीटरची, तळाला चार-पाच. खाली वीट, त्याखाली ताटली. तळात दोन बोटं नारळाच्या शेंड्या. मग रोज जेवढा ओला कचरा, निदान तेवढाच चुरलेला पालापाचोळा, मापाने, वजनाने नाही. सुरुवातीला दोन मुठी जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक. दर तिसऱ्या दिवशी एकदा काठीने तळापासून ढवळायचं. ओल कळण्यासाठी मूठभर दाबून बघा: एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाला वाढवा, काहीच नाही तर पाण्याचा हबका मारा. आंबूस वास म्हणजे आत हवा नाही, झोंबणारा वास म्हणजे पाला कमी. भाज्यांची देठं, केळ्याची सालं चिरूनच टाका. उरलेली रस्सा भाजी, तेलकट, हाडं नकोत. लिंबाची सालं थोडीच. जाड अळ्या झाल्या तर घाबरू नका, त्या कचरा भराभर संपवतात, फक्त वरून पाल्याचा जाड थर द्या.

पाला साठवायचा तो पानगळीत, फाल्गुन-चैत्रात. चार-पाच पोती कोरड्या जागी बांधून ठेवा. पावसाळ्यात कोरडं पान मिळत नाही आणि बहुतेकांचं खत जुलैमध्येच बिघडतं. तोच पाला रस्त्याकडेला जाळणाऱ्यांना हेही सांगा, की राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाने उघड्यावर कचरा जाळायला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये दंड आहे. डीपीखाली प्लॅस्टिक पेटलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

घरात ओलं जिरलं की मागे राहतं ते कोरडं, त्याला वास येत नाही आणि तीन दिवस सहज थांबता येतं. सॅनिटरी पॅड आणि डायपर मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्या. ठिपका दिसला की पुडी कुणी उघडत नाही. फुटकी काचही अशीच कागदात, वर लिहून. गाडीवरच्या माणसाच्या हातात बहुतेकदा मोजा नसतो.

मुकादम_लाइन

एका गोष्टीत सगळ्यांनी सांभाळा. गाडीवरच्या दोघांचे चेहरे घेऊन व्हिडिओ टाकू नका. जाळी काढायचा किंवा मार्ग छाटायचा निर्णय त्यांचा नसतो आणि कारवाई झालीच तर पगार त्यांचाच कापला जातो. फोटो गाडीच्या नंबरचा, कप्प्याचा आणि मागच्या झाकणाचा घ्या, तारीख-वेळ दिसेल असा.

झाकणाचं एवढ्यासाठी सांगतो, की जाळी परत बसवली तरी काम होतंच असं नाही. मागचं झाकण एकच असेल आणि जाळी त्याच्यापर्यंत पोचत नसेल, तर हायड्रॉलिकने गाडी उचलली की दोन्ही कचरे एकाच ढिगात पडतात. स्वच्छता निरीक्षकांना सोबत घेऊन एकदा डेपोवर गाडी खाली होताना बघा. तिथे सुक्याची वेगळी जागाच नसेल तर वरचं सगळं वर्गीकरण वाया जातं आणि मग मागणी तिथून सुरू करावी लागेल. गाडीच्या तळाशी गळणाऱ्या पाण्याची टाकी आणि कॉक असतो, तोही बघा. कॉक उघडा राहिला की ते घाण पाणी रस्ताभर सांडतं आणि त्याची तक्रार वेगळी होते.

डीपीचा कोपरा ढीग उचलल्याच्याच दिवशी धरा. त्याच दिवशी धुऊन घ्या, फक्की मारा आणि पुढचे पंधरा दिवस सकाळी सहा ते आठ आणि रात्री नऊ ते अकरा कुणीतरी तिथे उभं राहा. पिशव्या याच वेळांत येतात. गाडीचं वेळापत्रक तिथेच मोठ्या अक्षरांत लावा. वेळापत्रक नसताना नुसता 'कचरा टाकू नये' असा फलक लावला तर पिशव्या फलकाखालीच पडतात, कारण टाकणाऱ्याला दुसरी जागा दाखवलेलीच नसते.

मागची_गल्ली

सगळ्यांचे आभार. रविवारी तक्ता छापतो, पुढचं एक आणि मागच्या गल्ल्यांतली दोन घरं तयार आहेत. एक विचारतो: गाडी आली पण थांबली नाही, तर ती फेरी 'झाली' लिहायची की 'नाही'?

वॉर्ड_नोंदवही

दोन्ही नको, तिसरा रकाना करा: 'आली, थांबली नाही', आणि पुढे किती घरांचा कचरा घेतला तो आकडा. जीपीएसमध्ये ती फेरी झालेलीच दिसेल. तुम्ही 'नाही' लिहिलंत तर त्या एका ओळीवरून सगळा तक्ता खोटा ठरवतील. आकडा असला की जीपीएस आणि तुमचा तक्ता दोन्ही एकाच वेळी खरे राहतात.